कागद तयार करणाऱ्याची जबाबदारी



आपल्या घरची निकाहची पत्रिका, मदरशाच्या जलशाचे भित्तिपत्रक, रमजानमधील सहर-इफ्तारचे वेळापत्रक, पोवई नाक्यावर टांगलेला शुभेच्छांचा फलक, हळदीच्या पाकिटावरचे पिवळेधमक चित्र, ही सर्व कोणीतरी संगणकापुढे रात्र जागून तयार केलेली असतात. हा कोणीतरी कोण, हे आपण सहसा विचारीत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बहुतेक मोहल्ल्यांत आता असा एखादा तरुण सापडतो. कोणी त्याला डिझायनर म्हणतात. जुनी माणसे अजूनही पेंटरच म्हणतात. त्याला दुकान नसते, मालक नसतो, महिन्याचा पगारही नसतो. घरातील एक कोपरा, एक संगणक, एक फोन आणि येणे बाकी लिहून ठेवलेली एक वही एवढाच त्याचा व्यवसाय. त्याच्या कमाईविषयी आणि त्याच्या हिशेबाविषयी आज लिहावयाचे आहे. निमित्त मात्र फार जवळचे आहे.

गेल्या थंडीतील गोष्ट. इशाची नमाज झाली, लोक गेले, आणि आमच्या जमाअतीतील एक तरुण सफेवर तसाच बसून राहिला. मी दिवे मालवू लागलो तेव्हा त्याने खिशातून गुळगुळीत कागदाचे चार पानी पत्रक काढले आणि माझ्यापुढे ठेवले. दरमहा ठरावीक नफा देण्याचे आश्वासन देणारी ती एक योजना होती. पत्रक देखणे होते. निळा आणि सोनेरी रंग, मुख्य कार्यालयाच्या उंच इमारतीचे छायाचित्र, सरकारी वाटावी अशी गोल मुद्रा.

"हे मीच केलंय, मौलाना," तो म्हणाला.

योजनेचे सांगलीतील कार्यालय महिन्यापूर्वीच बंद झाले होते. चालविणाऱ्यांचे फोन लागत नव्हते. आमच्याच गल्लीतील एका खालाने, ज्यांनी वैधव्यात शिवणकाम करून उमराहसाठी पैसे साठविले होते, त्यांनी ऐंशी हजार रुपये त्यात घातले होते. पैसे येईनात तेव्हा त्या ते पत्रक घेऊन याच तरुणाकडे गेल्या, कारण संगणकाचे जाणणारा आणि विश्वासाचा असा मुलगा गल्लीत दुसरा नव्हता. पत्ता काय लिहिला आहे तेवढे वाचून सांग, असे त्या म्हणाल्या. त्याने वाचून दाखविले. आपण स्वतः बसविलेली अक्षरे त्याने त्यांना वाचून दाखविली आणि हे माझे काम आहे, एवढे वाक्य त्याच्या तोंडून निघाले नाही. त्याला आता तीन आठवडे झाले होते.

"मी फक्त कागद तयार केला. पैसे गुंतवा, असं मी कुणालाही सांगितलं नाही. तरी माझ्यावर गुनाह आहे का?"

मी त्या रात्री उत्तर दिले नाही. त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले. इमामाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर जागच्या जागी देता आले पाहिजे, अशी लोकांची समजूत असते. ती इमामाने वाढू देऊ नये, असे माझे मत आहे.

वाचकहो, कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणती, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. सूरह अल-बकरामधील ती २८२ वी आयत आहे. ती नमाजीविषयी नाही, रोजाविषयी नाही, जन्नतीच्या वर्णनाचीही नाही. ती आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी. त्या आयतीत देणारा आहे, घेणारा आहे, साक्षीदार आहेत आणि लेखनिकही आहे. मदरशात ही आयत शिकताना मला लेखनिक हे त्या व्यवहारातील एक निर्जीव साधन वाटे. जशी दौत, जसा बोरू, तसाच तो. परंतु आयत त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलते. लेखनिकाने न्यायाने लिहावे, असे ती सांगते. अल्लाहने त्याला लिहिणे शिकविले आहे, तेव्हा त्याने लिहिण्यास नकार देऊ नये, असेही सांगते. आणि पुढे जाऊन, लेखनिकाला त्रास दिला जाऊ नये, असा त्याच्या बाजूने हुकूमही देते. म्हणजे ज्याच्या हाताने कागद तयार होतो त्याचे कौशल्य ही अल्लाहची देणगी, म्हणून अमानत. न्यायाची अपेक्षा व्यवहार करणाऱ्या दोघांकडून आहे तशीच लिहिणाऱ्याकडूनही आहे. आणि या ओझ्याबरोबर त्याला संरक्षणही दिले आहे. या शेवटच्या भागाकडे आपण सर्वच फार दुर्लक्ष करतो. त्याकडे मी नंतर येईन.

आम्हांला खुशखत शिकविण्यासाठी एक वृद्ध उस्ताद येत असत. बोरू कसा तासावा, 'नून'चे पोट किती खोल असावे, हे शिकविण्याआधी ते आम्हांला हात धुवावयास लावीत. जुन्या उर्दू इश्तिहारांचे कातिब आणि आजचा संगणकावर अक्षरे बसविणारा तरुण हे एकाच साखळीचे दुवे आहेत. बोरू गेला, उंदीरयंत्र आले. (मराठीच्या वर्गात संगणकाच्या माउसला आम्ही विनोदाने हा शब्द वापरीत असू, तो रुळला नाही, हे बरेच झाले.) काम मात्र तेच राहिले. दुसऱ्याचे म्हणणे लोकांच्या डोळ्यांना दिसेल आणि पटेल असे मांडावयाचे.

आता दुसरी बाजू. सहीह मुस्लिममध्ये ह. जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस प्रसिद्ध आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी व्याज खाणाऱ्यावर, देणाऱ्यावर, त्याचा कागद लिहिणाऱ्यावर आणि त्याच्या दोन्ही साक्षीदारांवर लानत केली आणि हे सर्व समान आहेत, असे फरमाविले. व्याजाची एक कवडीही न खाणारा लेखनिक या यादीत का आला? त्याने तर केवळ लिहिले. आमच्या तरुणाचेही म्हणणे तेच होते.

यावर कोणी म्हणेल की असे पाहू लागलो तर कोणाचेच काम करता येणार नाही. मिठाईच्या दुकानाचा फलक करावा, तर मालक वजनात मारत असेल. शाळेचे माहितीपत्रक करावे, तर संस्थाचालक देणगी घेत असेल. हा आक्षेप खोटा नाही आणि आपल्या फुकहांनी त्याचा विचार बाराशे वर्षांपूर्वीच केला आहे. द्राक्षांचा रस अशा माणसाला विकावा का, जो त्याची दारू करणार आहे? इमाम अबू हनीफा (रह.) यांनी त्यास परवानगी दिली, कारण गुनाह त्या रसात नाही, विक्री आणि दारू यांच्यामध्ये दुसऱ्या माणसाचे स्वतंत्र कृत्य उभे आहे. त्यांच्या दोन्ही थोर शिष्यांनी, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांनी, हे नापसंत केले. मतभेद आहे आणि तो मोलाचा आहे. तासगावच्या बागायतदाराला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. त्याची द्राक्षे मुंबईच्या बाजारात जातात, त्यांचा बेदाणा होऊन ईदच्या शीरखुर्म्यात पडतो, आणि काही कोठे दारूच्या कारखान्यातही जात असतील. द्राक्षाला अनेक वाटा आहेत. बागायतदार प्रत्येक घडाच्या मागे धावू शकत नाही.

परंतु माझ्यापुढे ठेवलेल्या त्या चार पानी पत्रकाला दुसरी वाट कोणती होती? त्याचा शीरखुर्मा होणार नव्हता. लोकांना पैसे देण्यास राजी करणे, हा त्याच्या अस्तित्वाचा एकमेव हेतू होता. मिठाईवाल्याचा फलक द्राक्षासारखा आहे. दुकान कोठे आहे ते तो सांगतो, वजनातील चोरी दुकानदार वेगळी करतो. फसव्या योजनेचे पत्रक हा फसवणुकीचाच एक अवयव आहे. देशाच्या कायद्यानेही हे ओळखले आहे. २०१९ साली केंद्र सरकारने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यात अशा योजनेची जाहिरात करण्यावरही बंदी आहे.

"पण मला कुठं ठाऊक होतं?" आठ दिवसांनी तो आला तेव्हा त्याने विचारले. हा प्रश्न रास्त आहे. न जाणणाऱ्याला जाणणाऱ्याच्या पंक्तीत बसविणे हा अन्याय होय. म्हणून मी त्याला योजनेविषयी काहीच विचारले नाही. मी पत्रकावरील इमारतीवर बोट ठेवले.

"ही इमारत कोणाची?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "इंटरनेटवरून घेतलेला फोटो आहे. परदेशातली असेल. ते म्हणाले, आपलं ऑफिस लहान आहे, जरा भारदस्त काहीतरी टाका."

"आणि ही मुद्रा?"

"सरकारी वाटंल अशी करा म्हणाले."

वाचकहो, माझ्या मते प्रश्न येथे सुटतो. योजना खोटी आहे हे त्याला ठाऊक नव्हते, हे मी मान्य करतो. इमारत खोटी आहे हे मात्र त्याला ठाऊक होते, कारण ती त्याने स्वतःच्या हाताने तेथे बसविली होती. ग्राहकाच्या मनातील कपट ओळखण्याची सक्ती अल्लाहने कोणावर केलेली नाही. आपल्या हाताखालून जाणाऱ्या असत्याची जबाबदारी मात्र प्रत्येकाची स्वतःची आहे. संशयास्पद गोष्टींपासून दूर राहणाऱ्याने आपला दीन आणि आपली अब्रू वाचविली, या आशयाची ह. नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आपण जुम्याच्या खुतब्यात वारंवार ऐकतो. ती ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे खाण्यापिण्याचे पदार्थ येतात; संगणकाच्या पडद्यावर चिकटविलेले छायाचित्र येत नाही.

मदीनेच्या बाजारातील धान्याच्या ढिगाचा प्रसंग या व्यवसायातील प्रत्येकाने आपल्या टेबलासमोर लिहून ठेवावा असा आहे. प्रेषित (स.) यांनी ढिगात हात घातला, आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा, ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसविणारा आमच्यातला नव्हे, असे बजावले. त्या ढिगाचा वरचा थर ही त्या विक्रेत्याची मांडणी होती. धान्य खरे होते, वजनही खरे असेल. खोटे होते ते केवळ दर्शन. आता सांगलीच्या मार्केट यार्डाकडे पाहा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या नावाला देशभर किंमत आहे. बाहेरून आलेल्या साध्या हळदीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत सांगलीचे नाव घाला, रंग जरा गडद करा, अशी मागणी आली तर डिझायनरने काय करावे? दगड अधिक चमकदार दिसावा म्हणून जमिनीच्या दलालाने आणि गोरा रंग दिसावा म्हणून लग्न जुळविणाऱ्याने केलेली मागणी याहून वेगळी नाही. प्रकाश ठीक करणे, पार्श्वभूमी स्वच्छ करणे, अक्षर सुबक करणे ही कारागिरी आहे आणि तिची मजुरी हलाल आहे. ओले धान्य खाली लपविणे ही ती कारागिरी नव्हे. दोहोंमधील रेषा कोठे आहे, हे काम करणाऱ्याच्या हाताला बहुधा कळते. ग्राहक ज्या क्षणी आवाज खाली आणून बोलू लागतो, तेथेच ती असते.

या धंद्यातील आणखी एका प्रश्नाला बगल देता येत नाही. सहीह बुखारीमध्ये नोंद आहे की ह. अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांच्याकडे एक मनुष्य आला. माझी उपजीविका माझ्या हातांच्या कारागिरीवर आहे आणि मी या तसविरी तयार करतो, असे त्याने सांगितले. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा स्वतंत्र व्यावसायिक कलाकार! ह. इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्याला स्वतःचे मत सांगितले नाही. सजीवांची तसवीर करणाऱ्याला तिच्यात प्राण फुंकण्यास सांगितले जाईल आणि ते त्याला कधीच साधणार नाही, असे जे प्रेषितांकडून (स.) स्वतः ऐकले होते, तेवढेच सांगितले. त्या माणसाचा चेहरा पिवळा पडला, त्याला धाप लागली. ते पाहून, करावयाचेच असेल तर झाडे काढ, ज्यांच्यात प्राण नाही अशा वस्तू काढ, असे त्यांनी त्याला समजाविले.

कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्राचा हुकूम काय, यावर आजच्या उलमांत मतभेद आहेत. आपल्या विश्वासातील मुफ्तींना विचारून त्याप्रमाणे चालावे. मला या प्रसंगात हुकमाइतकीच सांगण्याची रीत महत्त्वाची वाटते. त्यांनी त्या माणसाचा चेहरा पाहिला, आणि एक दार बंद करताना दुसरे उघडून दिले. सांगलीहून फार दूर नसलेल्या विजापुरात जाऊन इब्राहिम रोजाच्या भिंती पाहा. सतराव्या शतकातील त्या कारागिरांनी एकही चेहरा न काढता केवळ अक्षर, वेल आणि भूमिती यांतून काय उभे केले आहे! कारागीर माणसाला दुसरी वाट सापडते. आमच्या मिरजेतील शिकलगार मंडळी एके काळी हत्यारांना धार लावीत. ते काम मंदावल्यावर तेच हात सतार-तंबोरे घडवू लागले आणि मिरजेचे नाव देशात गेले. वाद्यांचा शरई हुकूम हा येथील विषय नाही. हात नवे काम किती लवकर शिकतात, एवढेच मला दाखवावयाचे आहे. वाढदिवसाच्या फलकांवर पुढाऱ्यांचे चेहरे चिकटविण्यापलीकडे या धंद्यात काहीच नाही, असे जे तरुण म्हणतात त्यांनी एकदा विजापूरला जाऊन यावे.

इथवर मी त्या तरुणाचा हिशेब मांडला. आता आपला. लेखनिकाला त्रास देऊ नये, हा कुरआनचा हुकूम आपण कसा पाळतो?

दोन वर्षांपूर्वी आमच्या जलशाचे भित्तिपत्रक मी याच तरुणाकडून करून घेतले. चार वेळा बदल सांगितले. वक्त्यांच्या नावांचा क्रम बदलला, मग पुन्हा पहिलाच ठेवला. काम झाल्यावर त्याने संकोचत बाराशे रुपये सांगितले. मी हसून म्हणालो, "सवाबाचं काम आहे, काहीतरी कमी करा." त्याने आठशे केले. तेही मी चार महिन्यांनी दिले, आणि तोवर तो रोज माझ्यामागे नमाज पढत होता, एकदाही बोलला नाही. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, या आशयाची हदीस मी त्याच जलशात मिंबरावरून सांगितली होती. संगणकापुढे बसणाऱ्याला घाम दिसत नाही, म्हणून तो येतच नाही असे आपण धरून चालतो. सहीह बुखारीतील हदीसे-कुदसीनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः ज्या तिघांच्या विरुद्ध उभा राहील, त्यांपैकी एक असा आहे, ज्याने मजुराकडून पूर्ण काम घेतले आणि मजुरी दिली नाही. सवाब ज्याचा त्याने स्वेच्छेने कमवावयाचा असतो. दुसऱ्याच्या खिशातून तो परस्पर वळता करून घेता येत नाही.

फिक्हच्या ग्रंथांत मजुराचे दोन प्रकार आहेत. एकाच मालकाकडे वेळ देऊन काम करणारा तो अजीरे-खास. तो कामावर हजर झाला की मजुरीचा हक्कदार होतो, मालकाने काम दिले नाही तरी. अनेकांची कामे घेणारा, शिंपी-रंगाऱ्यासारखा, तो अजीरे-मुश्तरक. त्याचा हक्क काम पूर्ण झाल्यावर सिद्ध होतो. आपला डिझायनर दुसऱ्या प्रकारचा आहे. आपण मात्र त्याला पहिल्यासारखे रात्री अकरालाही राबवितो आणि मजुरीच्या वेळी दुसरा समजतो. 'तीन नमुने करून दाखवा, आवडला तर पैसे देऊ' ही तर नित्याचीच बोली. सांगून करवून घेतलेली वस्तू ठरल्याप्रमाणे असेल तर ग्राहकाला ती नाकारता येत नाही, असे इमाम अबू यूसुफ (रह.) यांचे मत आहे, आणि उस्मानी राज्यात १८७६ साली पूर्ण झालेल्या 'मजल्ला' या कायद्याच्या संहितेने तेच स्वीकारले. ठरल्याप्रमाणे हा शब्द मात्र कळीचा आहे. काही ठरविलेलेच नसेल तर दोघेही अंधारात. मदयनच्या वृद्ध गृहस्थांनी ह. मूसा (अ.) यांना कामावर ठेवले तेव्हा आठ वर्षे, आणि स्वखुशीने केल्यास दहा, अशी मुदत आधीच स्पष्ट बोलून घेतली होती; सूरह अल-कससमध्ये ते आले आहे. पैगंबराने होणाऱ्या सासऱ्याशी ठरवून घेतले, मग आपण ओळखीच्या माणसाशी दर, मुदत आणि किती वेळा बदल करणार हे लिहून घेण्यास का लाजावे?

येणे वसूल करण्याचीही एक मर्यादा आहे. ऐपत असून टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, असे हदीस सांगते. ऐपतच नसेल तर सवड द्या, असे सूरह अल-बकराची २८० वी आयत सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा या तरुणाची काही येणी तेथील दुकानदारांकडे होती. ज्यांच्या दुकानांतील माल पाण्याखाली गेला, त्यांची नावे त्याने वहीतून खोडली नाहीत, पण पुढील वर्षभर त्यांना एकही फोन केला नाही. हे त्याने मला सांगितलेले नाही. सांगलीच्या एका दुकानदाराने सांगितले.

एक छोटी गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण ती अप्रिय आहे. चोरून मिळविलेले सॉफ्टवेअर आणि न विकत घेतलेले फॉन्ट वापरून हा धंदा चालतो, हे उघड गुपित आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली कुवेत येथील बैठकीत लेखन, शोध आणि व्यापारचिन्हे यांवरील हक्क शरीअतने संरक्षित आहेत, असा ठराव केला आहे. इंकस्केप, गिम्प यांसारखी साधने आणि मुक्ता, बलू यांसारखे देवनागरी फॉन्ट मोफत आणि परवानगीसह मिळतात. अडचण गैरसोयीची आहे, गरिबीची नाही.

त्या तरुणाला मी काय सांगितले? फिक्हचा नियम असा की प्रत्यक्ष कृत्य करणारा आणि त्याला कारण ठरणारा असे दोघे असतील, तर नुकसानीचा भार प्रत्यक्ष करणाऱ्यावर पडतो. म्हणून खालाचे ऐंशी हजार त्याच्यावर वाजिब आहेत, असे मी म्हटले नाही. पत्रकाचे मिळालेले चार हजार मात्र स्वतःजवळ ठेवू नये, तौबा करावी, पोलिसांना ठाऊक असेल ते सर्व सांगावे आणि खालाकडे जाऊन, ते पत्रक मी केले होते, असे स्वतःच्या तोंडाने सांगावे. पहिल्या तिन्ही गोष्टींना तो लगेच तयार झाला. चौथीला त्याने आणखी एक जुमा घेतला.

तो गेला तेव्हा मी बरोबर होतो. खाला मशीनवर होत्या. त्याने सांगितले. त्यांनी पायाखालचे चाक थांबविले, आणि फार वेळाने म्हणाल्या, "बेटा, त्या कागदावर तुझं नाव असतं तर मी आधी तुलाच विचारायला आले असते."

निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंधनकारक आहे. इतर कागदांवर डिझायनरचे नाव कोणी मागत नाही आणि डिझायनरही देत नाही.

पुढल्या सोमवारी आम्ही तिघे रेल्वेने सांगलीला निघालो. कराडच्या पुढे किर्लोस्करवाडीचे स्थानक लागले. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी येथे कारखाना काढला. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, असे सांगतात. त्यांचे पुतणे शंकरराव हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. त्यांनी नांगराच्या जाहिराती केल्या आणि १९२० साली येथूनच 'किर्लोस्कर खबर' काढले. आपल्या भागातील जाहिरात-कलेचा आरंभ एका अर्थी याच स्थानकावर झाला. मी त्या तरुणाला हे सांगितले. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "त्यांचं बरं होतं. नांगर शेतात घालून बघता येत होता."

ठाण्यात त्याचा जबाब दीड तास चालला. काम कोणी दिले, कोणत्या क्रमांकावरून, पैसे कसे आले, मूळ मजकूर कोणाच्या हातचा, सर्व त्याने सांगितले. संगणकातील संदेशही दाखविले. तपास अजून चालू आहे. खालाचे पैसे मिळालेले नाहीत. तो आता आपल्या प्रत्येक कामाच्या तळाशी लहान अक्षरांत नाव आणि फोन घालतो. दोन ग्राहकांनी त्यावरून काम काढून घेतले. ते चार हजार त्याने खालांनाच नेऊन दिले, आणि त्यानंतर दर महिन्याला तो एक हजाराचे पाकीट त्यांच्या घरी ठेवून येतो. वाजिब नाही, हे मी त्याला पुन्हा सांगितले. पहिल्या महिन्याचे पाकीट खालांनी माझ्या हाती परत पाठविले होते. दुसऱ्या महिन्याचे ठेवून घेतले.